वसंत ऋतूतील पाळीव प्राण्यांचे प्रतिबंधात्मक आरोग्य-संगोपन : महाराष्ट्राच्या हवामानाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

घरगुती पाळीव प्राण्यांच्या आरोग्याकडे आपल्याकडे प्रामुख्याने आजारपणाच्या निमित्तानेच लक्ष दिले जाते. ऋतुमानानुसार पूर्वनियोजन करून आजार टाळण्याचा विचार शेतीच्या जनावरांबाबत काही प्रमाणात रुजला आहे. कुत्रा व मांजर यांच्याबाबत मात्र तो अद्याप पुरेसा रुजलेला नाही. प्रस्तुत लेखात फेब्रुवारी ते मे या कालावधीत महाराष्ट्रातील पाळीव प्राण्यांच्या आरोग्यासमोर उभ्या राहणाऱ्या प्रश्नांचे विवेचन केले आहे. गोचीड व पिसवांचे जीवनचक्र, गोचीडजन्य आजार, लसीकरणाचे शास्त्र, उष्माघात आणि मांजर व पक्षी यांच्या विशेष गरजा या मुद्द्यांची चर्चा करून शेवटी महिनावार नियोजन सुचविले आहे. पाळीव प्राण्याचे आरोग्य ही खाजगी हौशीची बाब नसून कुटुंबाच्या व समाजाच्या आरोग्याशी निगडित बाब आहे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : पाळीव प्राणी, ऋतुसंधी, प्रतिबंधात्मक आरोग्य, गोचीड, लसीकरण, रेबीज, उष्माघात

१. प्रस्तावना

मानव आणि कुत्रा यांचे साहचर्य हजारो वर्षांचे आहे. ग्रामीण महाराष्ट्रात कुत्रा हा शेताचा, वाड्याचा व मेंढरांच्या कळपाचा राखणदार, तर मांजर हे धान्याच्या कणगीचे रक्षण करणारे. गेल्या काही दशकांत नागरीकरण, विभक्त कुटुंबपद्धती आणि बदललेली जीवनशैली यांमुळे या नात्याचे स्वरूप पालटले आहे. अंगणातील कुत्रा सदनिकेत आला, तो बिछान्याजवळ झोपू लागला, लहान मुलांच्या हातून खाऊ लागला. प्राणी व मनुष्य यांच्यातील अंतर जसे कमी झाले, तसे एकाचा आजार दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याचे अंतरही कमी झाले. संगोपनाची पद्धत मात्र बहुतांशी अंगणातल्या कुत्र्याचीच राहिली. ही विसंगती प्रस्तुत विवेचनाच्या मुळाशी आहे.

पाळीव प्राण्यांच्या संगोपनावर आज विपुल मजकूर उपलब्ध आहे. तथापि त्यातील बराचसा युरोप व अमेरिकेतील हवामान गृहीत धरून लिहिलेला असतो. तेथे वसंत म्हणजे बर्फ वितळण्याचा आणि थंडीत निपचित पडलेले कीटक व गोचीड पुन्हा सक्रिय होण्याचा काळ. त्यामुळे तेथील सल्ल्यात 'वसंतात गोचीड जागे होतात, औषध सुरू करा' असे सूत्र दिसते आणि भर असतो तो लाइम रोगासारख्या आजारांवर. महाराष्ट्रात परिस्थिती निराळी आहे. येथे गोचीड थंडीत पूर्णतः निष्क्रिय होत नाही, आणि त्याने पसरविलेले प्रमुख आजारही वेगळे आहेत. म्हणून परक्या हवामानाचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलण्याऐवजी आपल्या ऋतुचक्राच्या आधारे स्वतंत्र विचार करणे आवश्यक ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) महाराष्ट्रातील वसंत ऋतूचे पाळीव प्राण्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने स्वरूप स्पष्ट करणे.
२) या काळात उद्भवणाऱ्या व पुढे पावसाळ्यात बळावणाऱ्या आजारांची कारणमीमांसा करणे.
३) सामान्य पशुपालकास आचरणात आणता येईल असे नियोजन सुचविणे.
४) महाविद्यालयीन स्तरावर या विषयासंबंधी काय करता येईल याचा विचार मांडणे.

लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम स्वरूपाच्या माहितीचा आधार घेतला आहे. येथील माहिती पशुवैद्यकाच्या सल्ल्याला पर्याय नाही. औषधांच्या मात्रा म्हणूनच हेतुतः दिलेल्या नाहीत.

३. ऋतुसंधीची संकल्पना व महाराष्ट्रातील वसंत

पंचांगानुसार चैत्र व वैशाख हे वसंताचे महिने होत. परंतु मराठी भाषेने याच वैशाखाला 'वणवा' जोडला आहे, ही बाब लक्षणीय आहे. कोकिळेच्या कूजनाचा व आंब्याच्या मोहोराचा वसंत आपल्याकडे प्रत्यक्षात फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि मार्च संपता संपता उन्हाळ्यात विलीन होतो. अलीकडच्या वर्षांत हा अवधी आणखी आखडला आहे. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार मार्च २०२२ मधील देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत मार्च महिन्यासाठी सर्वाधिक ठरले. फेब्रुवारी २०२३ मध्येही त्या महिन्याच्या सरासरी कमाल तापमानाचा उच्चांक नोंदविला गेला. म्हणजेच थंडी संपणे आणि कडक ऊन सुरू होणे यांमधील सवलतीचे दिवस कमी होत आहेत.

आयुर्वेदात 'ऋतुसंधी' अशी संज्ञा आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात मावळत्या ऋतूचे शेवटचे सात व येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस यांस ऋतुसंधी म्हटले असून या काळात जुनी चर्या हळूहळू सोडून नवी अंगीकारावी असे सांगितले आहे. हा विचार मनुष्यासाठी मांडलेला असला, तरी शरीरास बदलाशी जुळवून घेण्यास वेळ लागतो हे त्यामागील तत्त्व प्राण्यांनाही लागू पडते.

महाराष्ट्राच्या संदर्भात वसंताचे महत्त्व दुहेरी आहे. एक, तो उन्हाळ्याचा उंबरठा आहे. दोन, जूनमध्ये येणाऱ्या पावसाळ्याच्या तयारीसाठी तोच सोयीचा काळ आहे. पावसाळ्यात बळावणाऱ्या आजारांविरुद्धची तटबंदी पावसात उभारता येत नाही, कारण लसीने प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास काही आठवडे लागतात आणि घरातील गोचीडांची पैदास मोडण्यास काही महिने.

४. गोचीड व पिसवा : जीवनचक्राचे आकलन

आपल्याकडील कुत्र्यांवर प्रामुख्याने आढळतो तो तपकिरी गोचीड. त्याच्या जीवनचक्रात अंडे, अळी, बालगोचीड व प्रौढ अशा चार अवस्था असतात. यांपैकी शेवटच्या तिन्ही अवस्था कुत्र्याच्या रक्तावर जगतात. परंतु महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रत्येक अवस्था रक्त पिऊन झाल्यावर कुत्र्याच्या अंगावरून खाली उतरते, भिंतीच्या भेगेत किंवा सांदीत कात टाकते आणि पुन्हा कुत्र्याचा शोध घेते. रक्ताने टम्म फुगलेली मादी खाली उतरून अशाच आडोशाला दोन ते चार हजार अंडी घालते व मरते. उष्णता वाढली की हे चक्र वेगाने फिरते. अनुकूल तापमानात ते दोन-तीन महिन्यांत पूर्ण होऊ शकते. उलट अन्न न मिळाल्यास प्रौढ गोचीड अनेक महिने उपाशी तग धरून राहतो.

या जीवनक्रमातून दोन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला असा की, कुत्र्याच्या अंगावर दिसणारे गोचीड हा समस्येचा केवळ दृश्य भाग असतो. उरलेली वस्ती कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेभोवतालच्या भेगा, चौकटी, फरशीचे सांधे व सतरंज्या यांत असते. म्हणून केवळ कुत्र्याला औषध लावून भागत नाही. दुसरा असा की, फेब्रुवारी-मार्चमध्ये मारलेली एक मादी म्हणजे पावसाळ्यापर्यंत वाढू शकणाऱ्या दोन पिढ्यांना लावलेला अटकाव होय. वसंतातील उपाययोजनेचे मोल पावसाळ्यातील उपाययोजनेपेक्षा अधिक असते ते या अर्थाने.

पिसवांबाबतही हेच तत्त्व लागू पडते. प्रौढ पिसू प्राण्याच्या अंगावरच राहते व दररोज चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालू शकते. ही अंडी अंगावरून गळून अंथरुणात व फरशीवर पडतात. पिसवांच्या एकूण संख्येपैकी सुमारे ९५ टक्के हिस्सा अंडी, अळ्या व कोश या रूपाने परिसरात असतो, असे मानले जाते. कुत्रा किंवा मांजर अंग चाटताना पिसू गिळते, त्यातून फितीसारखा चपटा जंतही त्याच्या पोटात जातो. म्हणून पिसवांचा बंदोबस्त आणि जंतनिर्मूलन ही दोन कामे जोडीनेच करावीत.

गोचीड काढण्याच्या प्रचलित पद्धतींबाबत येथे स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. रॉकेल ओतणे, पेटती उदबत्ती टेकविणे, डांबरगोळीची पूड चोळणे, बोटांच्या नखांनी चिरडणे हे सर्व प्रकार अपायकारक आहेत. रॉकेल व डांबरगोळी या दोन्ही वस्तू प्राण्याला विषबाधा करू शकतात. गोचीड चिरडल्यास त्यातील रोगजंतू हाताच्या जखमेवाटे मनुष्याच्या शरीरात जाण्याचा धोका असतो. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड त्वचेलगत पकडून पिळ न देता सरळ व संथपणे ओढून काढावा, साबणाच्या पाण्यात टाकावा आणि चाव्याची जागा व हात स्वच्छ धुवावेत.

ग्रामीण भागात जनावरांच्या गोचीडांसाठी आणलेले औषध कुत्र्यालाही लावण्याची प्रथा आहे. गाय-बैलासाठी असलेल्या द्रावणाची तीव्रता कुत्र्यासाठी घातक ठरू शकते. आयव्हरमेक्टिन हे जनावरांसाठी सर्रास वापरले जाणारे औषध कोली व तत्सम काही जातींच्या कुत्र्यांना, त्यांच्यातील आनुवंशिक दोषामुळे, अल्प मात्रेतही मेंदूवर परिणाम करते. त्यामुळे 'गुरांचे औषध कुत्र्याला चालते' हा समज सोडून द्यावयास हवा.

५. गोचीडजन्य आजार

गोचीडाचा उपद्रव खाजेपुरता मर्यादित नाही. त्याच्याद्वारे पसरणारे दोन आजार आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहेत.

(अ) एर्लिकिओसिस : या आजाराच्या जिवाणूचे वर्णन प्रथम १९३५ मध्ये अल्जीरियात करण्यात आले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी लष्कराचे अनेक श्वान या आजाराने दगावल्याने त्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले. हा जिवाणू रक्तातील पांढऱ्या पेशींत वाढतो व पुढे रक्त गोठविणाऱ्या पेशींची संख्या घटते. ताप, मलूलपणा, अन्नावरची वासना उडणे ही प्रारंभीची लक्षणे होत. नाकातून रक्त येणे, पोटाच्या त्वचेवर लाल ठिपके उमटणे ही पुढची लक्षणे होत. फसवेपणा असा की, प्रारंभीची लक्षणे उपचाराविनाही मावळू शकतात. कुत्रा बरा झाला असे वाटते, परंतु जंतू शरीरात दडून राहतो व काही महिन्यांनी आजार गंभीर स्वरूपात उलटतो. जर्मन शेफर्ड जातीत तो विशेष तीव्र असतो. मार्चमध्ये आलेला व 'आपोआप गेलेला' ताप म्हणूनच दुर्लक्षू नये.

(आ) बबेसिओसिस : हा एकपेशीय परजीवीमुळे होणारा आजार आहे. बबेसिया गिब्सोनी या प्रजातीचे वर्णन १९१० मध्ये भारतातच झाले. हा परजीवी तांबड्या पेशी फोडतो. परिणामी हिरड्या फिकट पडतात, कावीळ होते व लघवी गडद तपकिरी दिसते. यांतील शेवटचे लक्षण आढळल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जाणे आवश्यक ठरते.

दोन्ही आजारांचे निदान रक्ततपासणीने होते व वेळेवर उपचार झाल्यास बरे होण्याची शक्यता चांगली असते.

तपकिरी गोचीडाचा संबंध मनुष्याच्या आरोग्याशीही आहे. 'इंडियन टिक टायफस' या नावाने ओळखला जाणारा अंगावर पुरळ आणणारा ताप याच गोचीडामार्फत मनुष्यास होतो. कोकण व गोवा यांच्या सीमावर्ती भागाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात १९५७ मध्ये प्रथम आढळलेला क्यासनूर अरण्य रोग, ज्यास जनभाषेत माकडताप म्हणतात, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्यात व २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग परिसरात पसरला. तो जंगलातील वेगळ्या जातीच्या गोचीडामुळे होतो. त्याच्या बालगोचीडांचा सुळसुळाट हिवाळ्याच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत असतो आणि नेमका हाच काजू गोळा करण्याचा हंगाम आहे. कुत्रा या विषाणूचा मुख्य प्रसारक मानला जात नाही. परंतु बागेत सोबत गेलेला कुत्रा जंगलातील गोचीड अंगावर घेऊन घरी येऊ शकतो. त्यामुळे या भागात बागेतून परतल्यावर कुत्र्याचे कान, काखा, पंज्यांच्या बोटांमधील जागा व गळपट्ट्याखालची त्वचा तपासणे हा नित्याचा प्रघात व्हावयास हवा.

६. लसीकरण : शास्त्र व वेळापत्रक

(अ) पिल्लांमधील प्रतिकारशक्तीची पोकळी : भारतातील मोकाट कुत्र्यांच्या निरीक्षणांतून असे दिसून आले आहे की, त्यांचे प्रजनन प्रामुख्याने पावसाळ्यात व त्यानंतर होते आणि पिल्ले बहुतांशी हिवाळ्यात जन्मतात. साहजिकच फेब्रुवारी-मार्चमध्ये ही पिल्ले दोन ते चार महिन्यांची असतात. लहान मुले रस्त्यावरील पिल्लू उचलून घरी आणतात तेही याच सुमारास.

हे वय सर्वांत धोक्याचे असते. जन्मतः आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडे पिल्लाचे रक्षण करतात, परंतु काही आठवड्यांत ती ओसरू लागतात. मधल्या काळात अशी एक अवस्था येते की, आईची प्रतिपिंडे आजार रोखण्यास अपुरी, मात्र लसीला निष्प्रभ करण्यास पुरेशी असतात. ही अवस्था प्रत्येक पिल्लात वेगळ्या वेळी येते. म्हणूनच लस एकदाच देऊन भागत नाही. 'एक इंजेक्शन दिले होते, तरी पिल्लू गेले' अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. तिच्या मागे लसीचा दोष नसून बहुधा हे अपूर्ण वेळापत्रक असते.

वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पिल्लास सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी लस द्यावी, शेवटची मात्रा सोळा आठवडे वा त्यापुढील वयात पडावी आणि त्यानंतरची मात्रा साधारण सहा महिन्यांच्या वयात द्यावी. डिस्टेंपर, पार्व्हो व ॲडिनोव्हायरस या तीन विषाणूंविरुद्धच्या लसी सर्व कुत्र्यांसाठी अत्यावश्यक मानल्या जातात.

यांपैकी पार्व्हो हा आजार १९७८ मध्ये प्रथम ओळखला गेला व दोन वर्षांच्या आत जगभर पसरला. रक्तमिश्रित जुलाब व उलट्या यांमुळे पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते. त्याचा विषाणू जमिनीवर अनेक महिने टिकतो. म्हणून पार्व्होने पिल्लू गेलेल्या घरात दुसरे पिल्लू लगेच आणू नये आणि आणण्यापूर्वी त्याचे लसीकरण पूर्ण झालेले असावे.

(आ) रेबीज : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मनुष्यास होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणांत संसर्ग कुत्र्यापासून होतो, आणि पिसाळल्याचा संशय असलेल्या प्राण्याच्या चाव्याला बळी पडणाऱ्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. लक्षणे प्रकट झाल्यानंतर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. वसंताशी त्याचा संबंध सामाजिक आहे. परीक्षा संपून शाळांना सुट्ट्या लागतात, मुले दिवसभर बाहेर असतात, गावी जातात आणि तेथील कुत्र्यामांजरांशी खेळतात. सुट्टी लागण्यापूर्वी घरच्या प्राण्याचे रेबीज लसीकरण अद्ययावत करणे हे म्हणूनच त्या मुलाचे संरक्षण होय. पहिली लस तीन महिन्यांच्या सुमारास व त्यानंतर पशुवैद्यकाने सांगितलेल्या कालावधीने पुढील मात्रा द्यावी आणि लसीकरणाची पुस्तिका जपून ठेवावी.

चावा घेतल्यास जखमेत तिखट, हळद वा चुना भरण्याचे प्रकार आजही आढळतात. ते तातडीने थांबले पाहिजेत. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि विनाविलंब दवाखान्यात जाऊन लसीचा संपूर्ण क्रम पूर्ण करणे एवढाच शास्त्रसंमत मार्ग आहे. घरचे, ओळखीचे पिल्लू चावले तरी हाच नियम लागू होतो.

(इ) लेप्टोस्पायरोसिस : २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर हा आजार सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला. उंदीर व अन्य प्राण्यांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून तो पसरतो. कुत्र्यालाही तो होतो व बाधित कुत्र्याच्या लघवीतून मनुष्यास होऊ शकतो. त्याच्या लसीचे वैशिष्ट्य असे की, प्रथमच देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात आणि संरक्षण टिकविण्यासाठी ती दरवर्षी द्यावी लागते. जूनच्या प्रारंभी पाऊस गृहीत धरल्यास पहिली मात्रा एप्रिलमध्ये व दुसरी मे महिन्यात पडणे आवश्यक ठरते. पाणी साचल्यावर दवाखाना गाठणाऱ्याच्या हातून ही वेळ निघून गेलेली असते.

७. उन्हाळ्याची पूर्वतयारी

कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. मनुष्याप्रमाणे त्याला सर्वांगास घाम येत नाही. घामग्रंथी प्रामुख्याने पंज्यांच्या तळव्यांत असतात. धापा टाकून जिभेवरील व श्वासमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन करणे हाच त्याचा उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग आहे. हवेत दमटपणा अधिक असल्यास बाष्पीभवन मंदावते. त्यामुळे विदर्भातील कोरड्या उष्म्याइतकाच कोकणातील तुलनेने कमी तापमानाचा परंतु दमट उष्माही धोकादायक ठरू शकतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत श्वासमार्गच अरुंद असल्याने धोका कितीतरी वाढतो.

उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. म्हणून मे महिन्यापेक्षा मार्चमधील पहिली अवचित उष्ण लाट कधी कधी अधिक घातक ठरते. फिरावयास नेण्याची वेळ फेब्रुवारीअखेरपासूनच टप्प्याटप्प्याने पहाटे व सूर्यास्तानंतर न्यावी. डांबरी रस्त्यावर हाताचा तळवा पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर तो रस्ता कुत्र्याच्या पंज्यांसाठीही तापलेलाच आहे असे समजावे. उभ्या मोटारीत प्राण्यास क्षणभरही एकटे ठेवू नये. बाहेर ३० अंश तापमान असताना बंद गाडीतील तापमान अर्ध्या तासात ४० अंशांपलीकडे जाऊ शकते.

अखंड व जोराची धाप, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, झोकांड्या जाणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी प्राण्यास सावलीत आणून अंगावर साधे पाणी ओतावे, पंख्याचा वारा द्यावा व हे चालू ठेवूनच दवाखान्यात न्यावे. बेशुद्ध प्राण्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

वसंतात कुत्र्यामांजरांचे केस मोठ्या प्रमाणावर गळतात. नियमित विंचरल्याने मृत केस निघतात व त्वचेची पाहणीही होते. परंतु थंडावा मिळावा म्हणून दाट केसांच्या कुत्र्याचे केस मुळापासून भादरू नयेत, कारण केस त्वचेचे उन्हापासून रक्षण करतात.

८. मांजर व पक्षी : विशेष विचार

मांजर म्हणजे लहान आकाराचा कुत्रा नव्हे, हे सूत्र पशुपालकाने कायम ध्यानात ठेवावे. काही रसायनांचे विघटन करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात अत्यल्प असते. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांवरील अनेक औषधांत वापरले जाणारे परमेथ्रिन मांजरास झटके आणून प्राणघातक ठरू शकते. एकाच घरात दोन्ही प्राणी असल्यास कुत्र्यास लावलेले औषध वाळेपर्यंत मांजरास दूर ठेवावे. तापासाठी घराघरात असणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर अवलंबून असतो. दिवस मोठे होऊ लागले की प्रजननाला वेग येतो व उन्हाळ्यात पिल्लांची संख्या वाढते. त्याबरोबरच पॅनल्युकोपेनिया या पार्व्होसदृश आजाराची साथही दिसू लागते. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून दूर सोडून येण्यापेक्षा वेळीच निर्बीजीकरण करणे अधिक माणुसकीचे आहे.

पिंजऱ्यातील लव्हबर्ड व बजरीगर यांना थेट ऊन व कूलरचा थेट झोत या दोहोंपासून दूर ठेवावे आणि पाणी दिवसातून दोनदा बदलावे. देशी पोपट पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे. एप्रिल-मे मध्ये घरट्यातून काढलेली पोपटाची पिल्ले बाजारात दिसली, तर ती विकत घेणे ही भूतदया नसून त्या व्यापारास दिलेले उत्तेजन होय.

सणांच्या अनुषंगाने एवढेच नमूद करावेसे वाटते की, रंगपंचमीचे रासायनिक रंग प्राणी अंग चाटताना गिळतात. म्हणून त्यांच्यावर रंग टाकू नये. पक्वान्नांपैकी कांदा-लसूण घातलेले पदार्थ, मनुके-बेदाणे व चॉकलेट कुत्र्यास विषारी असतात, तर आंब्याची कोय आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

९. महिनावार नियोजन

वरील विवेचनाच्या आधारे पुढील नियोजन सुचविता येईल.

फेब्रुवारी : पशुवैद्यकाकडून वार्षिक तपासणी व वजन. जंताचे औषध. झोपण्याच्या जागेची संपूर्ण स्वच्छता, भिंतीच्या भेगा बुजविणे, अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळविणे. गोचीड-प्रतिबंधक औषधाची सुरुवात.

मार्च : रेबीज लसीची तारीख तपासून ती अद्ययावत करणे. फिरण्याच्या वेळेत बदल. दर आठवड्यास त्वचेची पाहणी. पिल्लांच्या लसींचा क्रम न चुकता पूर्ण करणे.

एप्रिल : लेप्टोस्पायरोसिस लसीची पहिली मात्रा. सावलीची व पाण्याची एकाहून अधिक ठिकाणी सोय. मातीचे पसरट भांडे यासाठी उत्तम.

मे : लेप्टोस्पायरोसिस लसीची दुसरी मात्रा. जंताचे औषध पुन्हा. अंगणातील पाणी साचण्याच्या जागा बुजविणे व उंदरांचा बंदोबस्त.

ज्यांना खाजगी दवाखान्याचा खर्च परवडत नाही, त्यांनी पशुसंवर्धन विभागाच्या व जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचा लाभ घ्यावा. 'गुरांचा दवाखाना' या रूढ नावामुळे तेथे कुत्र्यामांजरांवर उपचार होत नाहीत असा अनेकांचा गैरसमज असतो.

१०. महाविद्यालयांची भूमिका

केंद्र शासनाने २०२१ मध्ये रेबीज निर्मूलनाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारे मानवी रेबीज मृत्यू संपुष्टात आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. एखाद्या परिसरातील किमान ७० टक्के कुत्र्यांचे सातत्याने लसीकरण झाल्यास रोगाची साखळी तुटते, हे त्यामागील शास्त्रीय गृहीतक आहे. ही टक्केवारी शासन एकट्याने गाठू शकत नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचे दत्तक गाव हे या कामासाठी तयार व्यासपीठ आहे. श्रमदान व वृक्षारोपण यांच्या जोडीला शिबिरात गावातील पाळीव कुत्र्यांची गणना व स्थानिक पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने लसीकरण घडवून आणता येईल. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांस गोचीडाचे जीवनचक्र पुस्तकातील आकृतीऐवजी आपल्याच परिसरात अभ्यासता येईल. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यास गणनेची व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास लोकसमजुतींच्या नोंदीची संधी मिळेल. आंतरविद्याशाखीय अध्ययनाची आपण नेहमी चर्चा करतो. त्यासाठी याहून जवळचा विषय क्वचितच सापडेल.

११. समारोप

महाराष्ट्रातील वसंत हा अल्पजीवी ऋतू आहे आणि तो आणखी अल्प होत चालला आहे. या अवधीत गोचीडांची पहिली पिढी रोखता येते, पिल्लांची प्रतिकारशक्तीची पोकळी भरून काढता येते, उन्हाशी जुळवून घेण्यास शरीराला वेळ देता येतो आणि पावसाळ्यातील आजारांविरुद्धचे लसीकरण पूर्ण करता येते. हीच कामे जूननंतर अधिक खर्चिक होतात व त्यांतील काही तर करताच येत नाहीत.

पाळीव प्राण्यास आपला आजार सांगता येत नाही. तो आपल्या घरात आपल्या निर्णयाने आला आहे, त्याच्या मर्जीने नव्हे. त्यामुळे त्याच्या आरोग्याची जबाबदारी भूतदयेपेक्षा कर्तव्याच्या कक्षेत येते. त्याच्या अंगावरील गोचीड आणि त्याच्या लसीच्या पुस्तिकेतील रिकामा रकाना यांचा संबंध अखेरीस त्याच्याशी खेळणाऱ्या मुलाच्या आरोग्याशी असतो. प्राणी, मनुष्य व पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार आज 'एक आरोग्य' या संकल्पनेने मांडला जातो. त्या व्यापक संकल्पनेचा प्रारंभ प्रत्येकाने आपल्या दारातील प्राण्यापासून करावा, अशी अपेक्षा आहे.